बिडी सोडा म्हणणारे डॉक्टर

सिल्लोडहून मामांना खोकल्यासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले होते. शिकाऊ डॉक्टरांनी बिडीवरून त्यांना चांगलेच खडसावले. तासाभराने टपरीवर तेच डॉक्टर सिगारेट ओढताना दिसले. मामा हसले आणि बंडल मागितले.

सलग ड्युटीचा ताण आम्हांस समजतो. पण वाचकहो, धूम्रपानाचा पक्का हिशेब जगाला मिळाला तो डॉक्टरांच्याच आयुष्यावरून! डॉल व हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी नोंदवल्या. पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली आला : सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती बहुतेक सगळी वाचली, साठीत सोडणाऱ्यांची ३.

डॉक्टर पंचविशीचे, मामा साठीचे. त्या तीन वर्षांविषयी मामांना आता कोणी सांगायचे?