संधीचा वार

ग्रंथालयाशेजारच्या खोलींत गेल्या पावसाळ्यांत दर शनिवारीं जो गलका होत असे, त्याविषयीं कित्येक पालकांनीं आमच्याकडे विचारणा केली. मुलें तेथें भांडतात, आणि तींही फांशावरून, असें त्यांचें म्हणणें. भांडतात हें खरें. परंतु तें भांडण कशाचें होतें, हें पालकांनीं ऐकून घ्यावें, अशी आमची विनंति आहे.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका कल्पित वीराचें सोंग घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि वार लागला कीं चुकला हें वीस पैलूंचा फांसा ठरवितो. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं पालकांनीं व ख्रिस्ती मंडळींनीं या खेळावर सैतानी विद्येचा आरोप केला होता. आम्हीं त्याचीं पुस्तकें स्वतः वाचलीं, तेव्हां आम्हांस त्यांत सैतानापेक्षां अंकगणितच अधिक आढळलें. गॉब्लिन नांवाचा खुजा राक्षस वार करतांना फांशाच्या अंकांत ४ मिळवितो. समोरच्याच्या चिलखताचा अंक १६ असेल, तर फांशावर १२ किंवा अधिक पडले पाहिजेत. म्हणजे विसांपैकीं नऊ पैलूंवर वार लागतो. हा हिशेब जो मुलगा येथें तोंडीं करतो, तोच वर्गांत अपूर्णांक पाहून घाबरतो!

वाद झाला तो असा. एका विद्यार्थ्याचा मांत्रिक गॉब्लिनासमोर सांपडला. त्यास पळावयाचें नव्हतें. वळसा घालून गॉब्लिनाच्या पाठीशीं उभें राहावयाचें होतें. सूत्रधार झालेल्या मुलानें गॉब्लिनास संधीचा एक जादा वार दिला. फांसा पडला, वार लागला, मांत्रिक कोसळला आणि सोबती पोहोंचण्यापूर्वींच मेला. आठ महिने जपलेला वीर तो! मुलगा रडला नाहीं, पण दोन आठवडे सूत्रधाराशीं बोललाहि नाहीं.

दोघांचींहि पुस्तकें आम्हीं मागवून घेतलीं. सूत्रधाराजवळ त्याच्या काकांचें २००० सालचें पुस्तक होतें. त्याप्रमाणें शत्रूच्या टप्प्यांत राहून हालचाल केली, तरी बहुधा वार ओढवतो. मांत्रिकाच्या धन्याजवळ २०१४ सालचें पुस्तक. त्याप्रमाणें टप्प्याबाहेर पाऊल टाकलें, तरच वार. दोघेहि आपापल्या पुस्तकाप्रमाणें बरोबर होते.

आम्हांस विचाराल, तर नवा नियम बरा. तो एका वाक्यांत सांगतां येतो. आणि ज्यास निर्धोक निघून जावयाचें, त्यानें आपली पाळी अंग काढून घेण्यांत खर्चावी. जुन्या पुस्तकांत धनुष्य ओढणें, मंत्र म्हणणें, औषध पिणें, या प्रत्येकावर वार ओढवूं शके, आणि मग पानें उलटण्यांतच सायंकाळ जाई. तरीहि एक रुखरुख राहते. तलवारीच्या टोंकासमोर मांत्रिकानें खुशाल मंत्र म्हणावा, हें नव्या पुस्तकास चालतें. आमच्या मनास नाहीं.

परंतु खरा दोष नियमांत नव्हताच. कोणतें पुस्तक मानावयाचें, हें खेळ मांडतांना कोणींच ठरविलें नव्हतें, आणि हरकत निघाली ती फांसा पडल्यावर. वार चुकला असता, तर तूं हरकत घेतली असतीस काय, असें आम्हीं त्या मुलास विचारलें. तो बराच वेळ गप्प राहिला व मग प्रामाणिकपणें ‘नाहीं’ म्हणाला. तुझ्याच वीरावर ही वेळ येती, तर काकांचें पुस्तक उघडलें असतेंस काय, असें सूत्रधारासहि विचारलें. त्याचेंहि उत्तर लवकर आलें नाहीं.

मेलेल्या मांत्रिकास उठवावें, असा पुष्कळांचा आग्रह होता. आम्ही त्यास अनुकूल नव्हतों. चालू खेळांत सूत्रधाराचा निकाल पाळावा व वाद खेळ संपल्यावर करावा, निकाल चुकला असला तरी, असें आमचें मत आहे. (त्या मुलास तें आवडलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं.) पुढें त्या दोघांनींच मिळून २०१४ चें पुस्तक पसंत केलें, काकांचें पुस्तक कपाटांत गेलें. मुलानें नवा वीर उभा केला आहे, या खेपेस भक्कम चिलखताचा.

गलका अजूनहि होतो. मागल्या शनिवारीं तो, अंधारांत दिसत नसलेल्या शत्रूवर संधीचा वार करतां येतो काय, यावर होता. आणि फांसा तोंवर कोणींच हातांत घेतला नव्हता.