पांढरा धूर पाहून हेड उतरवू नका

मोटार दुरुस्तीचा धंदा आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. वाहन दुरुस्ती, रस्ते वाहतूक, विडी, कापड आणि तयार कपडे या क्षेत्रांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याची नोंद 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानेही केली आहे. म्हणजे गॅरेजच्या दोन्ही बाजूंना आपणच आहोत. गाडीखाली झोपून काम करणारा मिस्त्री आपला आणि बाहेर बाकड्यावर बिलाची वाट पाहत बसलेला छोटा व्यापारीही आपलाच. म्हणून एका नेहमीच्या दुखण्याविषयी दोघांशीही स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

दुखणे असे की, जुन्या गाडीतले पाणी कमी होते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, धुराकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, "गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल." कित्येकदा ते खरे असते, कित्येकदा नसते. तपासणी न करता केलेले निदान हा केवळ अंदाज होय, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जाऊ नयेत, असे आमचे मत आहे.

आमचा अनुभव

आम्ही पिंगळीचे. धंदा तयार कपड्यांचा. परभणीहून माल उचलायचा आणि पूर्णा, जिंतूर, मानवत या बाजारांना न्यायचा. त्यासाठी एक जुनी मारुती ओम्नी आहे. या गाडीचे उत्पादन 2019 मध्ये बंद झाले, पण आमच्यासारख्यांचा संसार अजून तिच्यावरच चालतो. एका डिसेंबरात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, तिचे पाणी रोज थोडे थोडे कमी होऊ लागले. सकाळी चालू केली की मागून पांढरा धूर. एका गॅरेजमध्ये दाखवली. धूर पाहताच हेड उतरवण्याचे ठरले. नवे गॅस्केट पडले, हेड लेथवर जाऊन आले, नऊ दिवस गाडी उभी राहिली आणि साडेआठ हजारांचे बिल झाले. त्या नऊ दिवसांतले बाजार बुडाले, ते वेगळेच.

आठ दिवसांत पाणी पुन्हा कमी झाले. मग एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी रेडिएटरचे टोपण काढून दाबाच्या पंपावर लावले. टोपणाचे रबर कडक झाले होते, स्प्रिंग दाब धरत नव्हती. गरम झालेले पाणी बाटलीत जाऊन बाहेर सांडत होते. धूर म्हणाल, तर तो थंडीतली वाफ होती. दोन-तीनशे रुपयांच्या टोपणाने काम झाले. पहिल्या मिस्त्रीने जाणूनबुजून फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने तपासले नाही, एवढाच त्याचा दोष. पण आमचे नुकसान तेवढेच झाले.

वाफ कोणती, धूर कोणता

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि थंड हवेत पांढरे दिसते. परभणीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तर ते हमखास दिसणार. गाडी गरम झाल्यावर पाच-दहा मिनिटांत दिसेनासे झाले तर काळजीचे कारण नाही. मात्र इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि पाणीही कमी होत असले, तर कूलंट इंजिनात जळत असल्याचा संशय बळावतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जाते आहे. डिझेल गाडीत न जळलेल्या डिझेलचाही पांढरा धूर होतो. त्याला डिझेलचा उग्र वास असतो आणि डोळे चुरचुरतात. तिथे दोष नोझलचा किंवा टायमिंगचा असू शकतो, पाण्याचा नव्हे.

तपासणीचा क्रम

पहिले काम गाडीमालकाचे. सकाळी इंजिन थंड असताना बाटलीवरच्या पातळीला खूण करावी आणि किती किलोमीटरला पाणी किती उतरते, ते वहीत लिहावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे गळती सहज दिसत नाही. ठिपका पुठ्ठ्यावर पडला तरच कळते. गरम इंजिनाचे टोपण मात्र कदापि उघडू नये. उसळलेल्या पाण्याने तोंड-हात भाजतात.

दुसरे काम मिस्त्रीचे. आधी बाहेरची गळती शोधावी: टोपण, होज पाईप आणि त्यांच्या पट्ट्या, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र, ब्लॉकची बुचे आणि हीटर असल्यास पायाखालचा ओला गालिचा. मग थंड इंजिनावर हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे काट्याकडे पाहावे. काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तरच आत पाहायचे.

आतली गळती ओळखायच्याही खुणा आहेत. थंड इंजिन टोपण काढून चालू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असावा. त्याची खात्री करणारे निळे द्रव मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली असता जळालेला गॅस असल्यास ते पिवळे पडते. प्लग काढून पाहावेत. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते, त्याचा प्लग बहुधा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. कॉम्प्रेशन मोजावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी भरले, तर गॅस्केट त्यांच्या मध्ये फाटले असण्याचा संभव मोठा. ऑईलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसली तर गाडी चालवूच नये. मात्र नुसत्या ऑईलच्या झाकणाखाली थोडी साय असली, तर ती थंडीत जवळजवळच्या फेऱ्या केल्यानेही येते. तेवढ्यावर निकाल देऊ नये.

एवढे होऊन दोष आतच ठरला, तर हेड खुशाल उतरवावे. पण उतरवल्यावर नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा वाकही पुष्कळ छोट्या इंजिनांना चालत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तो मोजावा. मुळात इंजिन तापले कशाने, हेही शोधावे. नाहीतर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाणार.

हळद आणि बोअरचे पाणी

रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकायचा रस्त्यावरचा उपाय आपल्याकडे जुना आहे. वसमतच्या बाजारातली हळद भाजीसाठी उत्तम आहे. रेडिएटरमध्ये ती बारीक नळ्यांत बसते आणि गळतीबरोबर वाटही बुजवते. गळती बंद करणाऱ्या पावडरींचेही थोडेफार तसेच. अडचणीत गावापर्यंत पोहोचण्यापुरती गोष्ट वेगळी, पण तिला दुरुस्ती म्हणू नये.

दुसरी सवय बोअरचे पाणी भरण्याची. आपल्या काळ्या दगडातले पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरला बसतो. साध्या पाण्यात गंज रोखणारे द्रव्य नसल्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. साधे पाणी 100 अंशांवर उकळते, टोपणाने 0.9 किलोचा दाब धरला तर तेच सुमारे 118 अंशांपर्यंत तग धरते. कूलंट निम्मे असले तर मर्यादा आणखी वर जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाच फरक गाडी वाचवतो. शुद्ध पाणी आणि कूलंट यांचा खर्च हेडच्या बिलापुढे नगण्य आहे. मात्र नेहमीचे कूलंट गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट मुले, शेळ्या, कुत्री यांच्या तोंडी लागेल असे उघड्यावर ओतू नये.

तपासणीची मजुरी

आता मुद्द्याची गोष्ट. मिस्त्री तपासणी का करत नाही? कारण तपासणीचे पैसे कोणी देत नाही. तासभर पंप लावून "टोपण बदला" असे सांगितले, तर गिऱ्हाईक टोपणाचे पैसे देते आणि चालू लागते. हेड उतरवले तर मात्र हजारोंची मजुरी विनातक्रार मिळते. म्हणजे खरे सांगणारा उपाशी आणि अंदाज बांधणारा पोटभर, ही रीत आपण गिऱ्हाइकांनीच पाडली आहे. आम्हीही त्यातलेच. त्या वयस्क मिस्त्रींनी तपासणीचे काही मागितले नाही आणि आम्हीही आपणहून दिले नव्हते. घरी आल्यावर चूक कळली. दुसऱ्या दिवशी जाऊन दिले.

म्हणून आमची सूचना अशी. गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवून पाटीवर लिहावी आणि काय तपासले, काय आढळले, ते चार ओळींत कागदावर द्यावे. गिऱ्हाइकांनी ती मजुरी खळखळ न करता द्यावी. दाबाचा पंप, कॉम्प्रेशन गेज आणि निळे द्रव एकट्याला जड वाटत असेल, तर एका रस्त्यावरच्या चार गॅरेजांनी मिळून घ्यावे. हाताखालच्या मुलांना पाना धरण्याआधी तपासणीचा क्रम शिकवावा. जमेल त्यांना आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाठवावे. आणि पाणी खाणारी गाडी हळद टाकून, धुऊन-पुसून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. दोष सांगून विकावी. भाव थोडा उतरेल, पण नाव राहील.

गिऱ्हाइकाची गाडी ही मिस्त्रीच्या हाती दिलेली अमानत आहे. तिच्यावर एका घराची रोजी चालते. पाना लावण्यापूर्वी अर्धा तास तपासणीला दिला, तर ती रोजी बुडत नाही आणि मिस्त्रीवरचा विश्वासही टिकतो.