पॉझिटिव्ह आलं, पण होणार कधी?

एफ. ई.च्या केमिस्ट्रीत सगळ्यात सोपे मार्क कशाचे? इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचे! कॅथोडमधून अॅनोड वजा करा, उत्तर पॉझिटिव्ह आलं की 'रिअॅक्शन स्पॉन्टेनियस' असं लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. तांब्याचे +०.३४, जस्ताचे -०.७६, म्हणून डॅनियल सेलचे १.१० व्होल्ट. हे आकडे आपल्याला झोपेतही पाठ असतात. पण 'स्पॉन्टेनियस' म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारतच नाही.

मित्रांनो, पॉझिटिव्ह सेल पोटेन्शियल फक्त दिशा सांगतं, वेग नाही. अॅल्युमिनियमचं पोटेन्शियल -१.६६ व्होल्ट, म्हणजे जस्ताच्याही खाली. नुसत्या हिशेबाने गेलं तर मेसमधलं पातेलं पाण्यात विरघळूनच जायला हवं. पण पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याला वाचवतो.

खरी गंमत तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत आहे. लेड-अॅसिड बॅटरीच्या एका सेलचं पोटेन्शियल साधारण २ व्होल्ट. पाण्याचं विघटन व्हायला हिशेबाने १.२३ व्होल्टच पुरतात. म्हणजे नुसत्या ठेवलेल्या बॅटरीने आतलं पाणी फोडत स्वतःच रिकामं व्हायला हवं. ती होतेही, पण अगदी सावकाश. कारण शिशावर हायड्रोजन आणि लेड डायऑक्साइडवर ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही. लाइट गेल्यावर सबमिशनच्या रात्री आपला दिवा जळतो तो या आळसाच्या जिवावर!

आता आपल्या प्रॅक्टिकलकडे या. मीटर १.०४ दाखवतो आणि जर्नलमध्ये १.१० उतरतं, कारण सीनियरच्या जर्नलमध्ये तेच आहे. अरे, पण शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या मधल्या ०.०६ मध्येच आहे! पट्टी नीट घासली नव्हती का? सॉल्ट ब्रिज सुकला होता का? कॉपर सल्फेटचं द्रावण दहापट पातळ झालं, तरी जवळपास ०.०३ व्होल्ट कमी होतात.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. जे रीडिंग येईल ते लिहू द्या, 'चुकीच्या' रीडिंगचे मार्क कापू नका आणि ओरलला 'होईल का?' याच्या जोडीला 'कधी होईल?' हेही विचारा. उद्या पूल गंजतो की टिकतो, हे या दुसऱ्या प्रश्नावरच ठरणार आहे. पहिल्याचं उत्तर तर कॅल्क्युलेटरही देतो.