मारका कोंबडा की हावरा मालक?

कोंबडा पोराच्या अंगावर धावला की आमच्याकडं एक वाक्य ठरलेलं, "जातच मारकी हो त्याची!" मग कुणी काठीनं झोडपतो, कुणी चोच छाटतो, कुणी दिवसभर पाय बांधून उन्हात टाकतो. यातलं निम्मं मीही केलंय. म्हणूनच सांगतो, खोट कोंबड्यात नव्हती, माझ्यात होती.

वनराजाची चाळीस पिल्लं आणली होती, खाण्या-विकण्यासाठीच. त्यात सतरा नर निघाले. तीन-साडेतीन महिन्यांत तुरे लाल झाले, आरवणं सुरू झालं, वजन दीड किलोच्या पुढं गेलं. बायको म्हणाली, "अहो, निम्मे तरी बाजारात न्या." मी म्हणालो, "आखाड येऊ दे. गटारीला भाव बघ."

भावाच्या नादात सतरा तरणे नर, तेवीस तलंगा, एक खुराडं आणि पाण्याचं एकच भांडं, असा संसार मांडून ठेवला. एका नराला आठ-दहा माद्या लागतात. म्हणजे दोन नर पुरे होते! बाकीच्यांनी काय करावं, भजन? तलंगांच्या पाठी सोलवटल्या, एक तर मेलीच. रक्त दिसलं की सगळेच त्या जखमेवर तुटून पडायचे. शेवटी एकानं पाठमोऱ्या नातवावर झेप घेतली. पोरगं वळलं आणि नखी डोळ्याच्या खाली बोटभर लागली. तीन टाके पडले. बोटभर वर लागली असती तर?

मी रागानं लाथ घातली. तो दुप्पट चवताळून आला. लाथ म्हणजे त्याच्या लेखी कुस्तीचं आव्हान. त्यात तो नातवाच्याच मांडीवर वाढलेला, माणसाची भीती कुठून राहणार?

चोच छाटणाऱ्यांना विचारतो, चोच म्हणजे त्याचा हात. तो तोडलात तर दाणा कशानं टिपायचा? आणि मारतो तो नखीनं, तिचं काय? दुसरे शहाणे म्हणतात, झुंजीला सोडा. जनावरांच्या झुंजी लावायला १९६० च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा नसता तरी आपल्या चुकीचा तमाशा करून पैसे लावायचे, ही मर्दुमकी कसली?

उपाय साधा आहे. आरवायला लागले की नर वेगळे करा. दोन शांत नर ठेवा, बाकीचे वेळेत विका नाहीतर खा. दाणा-पाणी चार ठिकाणी ठेवा. दबलेल्याला लपायला आडोसा द्या. जखमी पाखरू डालग्याखाली निराळं ठेवा. अंगावर आला तर पळू नका, मारू नका, सूप आडवं धरून सावकाश पुढं चाला. तरी माणसावर येतच राहिला तर त्याची पिल्लं काढू नका, सरळ चुलीवर चढवा. त्यात पाप नाही. जगवून छळण्यात आहे.

गटारीला भाव आला, खोटं कशाला बोलू. पण तोवर दोन नर एकमेकांच्या हातून मेले होते. जादा खाद्य, दवाखाना, टाके वजा जाता हाती काय उरलं, ते आमच्या बायकोला विचारा. ती अजून ऐकवते.