चौकटीवरची किल्ली

गेल्या शनिवारी आष्ट्याला घरी गेलो होतो. चहा संपायच्या आत धाकटा चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन हजर. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्ट उसावर (आमच्याकडे दुसरं काय असणार!). पानाचा फोटो टाकायचा, तो क्लाऊडच्या एपीआयकडे जातो आणि तांबेरा आहे की नाही ते कळतं. सर्व्हर नोड जेएसमध्ये. काम खरंच छान झालं होतं.

म्हटलं, कोड दाखव. गिटहबवरचा पब्लिक रेपो उघडला, जुनी कमिट बघितली, तर त्यात अख्खी एपीआय की!

"दादा, ती तर मी परवाच डिलीट केलीय की!"

हसू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलंय आणि रात्री अकराला सिनिअरचा फोन घेतलाय. फाईलमधून ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. पब्लिक रेपोंमधून अशा किल्ल्या वेचणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात. त्यात या क्लाऊड अकाउंटला कार्ड काकांचं, ज्या खात्यात उसाचं बिल जमा होतं तेच! बजेट अलर्ट लावला होता, पण अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

आधी की रद्द केली, नवी काढली. मगच कोडला हात लावला. क्रम हाच. किल्ली हरवली की आधी कुलूप बदलायचं.

पुढचं काम दहा मिनिटांचं. नवी की डॉट एन्व्ह फाईलमध्ये, त्या फाईलचं नाव गिटइग्नोअरमध्ये, आणि कोडमध्ये फक्त प्रोसेस डॉट एन्व्ह. जोडीदारांसाठी नुसती नावं असलेली एक नमुना फाईल. २०२३ साली आलेल्या नोड २०.६ पासून अशी फाईल नोड स्वतःच वाचू शकतं, वेगळं पॅकेज लागत नाही. की सापडली नाही तर सर्व्हरने सुरू होतानाच ओरडून बंद पडावं, डेमोच्या दिवशी नव्हे. आणि हो, इथली प्रत्येक किंमत स्ट्रिंग असते, 'फॉल्स' लिहिलंत तरी इफमध्ये ती खरीच ठरते :-)

पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे. कुणी सगळं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये छापलं की की बाहेर. म्हणून तिला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. रेपो प्रायव्हेट आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. २०१६ साली उबरच्या इंजिनिअरांच्या प्रायव्हेट गिटहबमधून मिळालेल्या क्रेडेन्शियल्सनी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती.

लहानपणी आमच्या गल्लीत शेताला जाताना किल्ली चौकटीवर ठेवायचे. सगळ्यांना माहीत असायचं, तरी काही जायचं नाही, कारण गल्ली ओळखीची. गिटहब ही गल्ली नाही, भर बाजार आहे. हे चार वर्षांत पोरांना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. 'हॅलो वर्ल्ड'नंतरचा दुसरा धडा हाच हवा. पोरगं हुशार आहे, चूक न सांगितल्याची आहे.

असो. काकांना यातलं काही सांगितलेलं नाही. जेवताना त्यांनी विचारलं, "काय करत बसला होता रे दोघं?"

"कुलूप बदललं," भाऊ म्हणाला.