कण्हेरीचें कूळ

पूजेच्या परडींत तांबडी कण्हेर, पिवळी कण्हेर (म्हणजे बिट्टी) आणि सदाफुली हीं फुलें एकत्र येतात, तीं केवळ योगायोगानें नव्हे. वनस्पतिशास्त्रानेंहि त्यांस एकाच कुळांत घातलें असून कुडा, सातवीण व सर्पगंधा यांसहि तेथेंच बसविलें आहे. परंतु कूळ एक म्हणून गुण एक, असें मानणारांनीं थोडें थांबावें.

सर्पगंधेची मुळी वैद्यांच्या जुन्या परिचयाची. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांस ती देऊन आलेला अनुभव १९४९ सालीं इंग्लंडांतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९५२ त स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें.

सदाफुलीची हकीकत याहून मौजेची आहे. ही मूळची मादागास्करची. जमैकांत मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत, म्हणून तीं पानें १९५२ त कॅनडांतील रॉबर्ट नोबल यांच्याकडे आलीं. उंदरांच्या रक्तांतील साखर कांहीं हालली नाहीं. अर्क टोंचतांच पांढऱ्या पेशी मात्र भराभर घटल्या! त्यांतून व्हिनब्लास्टीन निघालें, मागाहून व्हिन्क्रिस्टीन. हें दुसरें आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर शिरेंतून देतात. एका ग्रॅमसाठीं शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात. रेसर्पीन काय किंवा व्हिन्क्रिस्टीन काय, दोहोंची घडण स्ट्रिक्टोसिडीन या एकाच द्रव्यापासून होते, हें आम्हांस विशेष नवलाचें वाटतें.

यजमानांच्या मधुमेहासाठीं रोज सकाळीं सदाफुलीचीं पानें चघळावयास द्यावीं काय, असें एका भगिनीनें विचारिलें आहे. आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. साखर उतरेल याचा भरंवसा नाहीं. आणि ज्या पानांत पांढऱ्या पेशी मारणारें द्रव्य आहे, त्यांचें प्रमाण घरीं कोण ठरविणार?

कण्हेरीचें विष मात्र या घराण्याचें नव्हे. तिच्यांतील ओलिअँड्रिन आणि बिट्टीच्या बियांतील थेव्हेटिन हीं थेट हृदयावर चालून जातात. सोडियम व पोटॅशियम यांची पेशींतून ने-आण करणारी यंत्रणा तीं अडवितात. ठोके मंदावतात, चुकतात. पाला वाळविला वा उकळला तरी विष जात नाहीं. बिट्ट्यांनीं खेळतांना एखाद्या मुलानें बी चावली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां, उरलेली बी पुडींत घेऊन तडक इस्पितळ गांठावें. मूल हिंडतें-फिरतें दिसलें तरीहि.