डेस्कवरचा दगड

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर, मॉनिटरखाली एक दगड असतो. मुठीएवढा, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. परवा चीनहून ऑनसाइट करून आलेला टीममेट म्हणाला, "अरे, हा तर स्कॉलर्स रॉक!" तिकडे म्हणे विद्वान मंडळी लिहायच्या मेजावर असे दगड ठेवत. झालं, अख्खा शनिवार त्यातच गेला. सोंग काळातला मी फू हा चित्रकार एका दगडाला चक्क वाकून नमस्कार करी आणि 'थोरले बंधू' म्हणे. दगड कसा हवा? सडपातळ, सुरकुतलेला, आरपार भोकं पडलेला. (हसू नका, आपल्याही देव्हाऱ्यात शाळिग्राम असतोच की!)

माझा दगड मात्र वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचा. मामासोबत एका वावरात गेलो होतो, तिथून उचलला. मामा म्हणाला, "ने ना बाप्पा, वखराले अडतेच थे." पुढे भूशास्त्रवाल्या मित्राने तो पाहिला आणि सांगितलं, ही डायनासोरची विष्ठा आहे. साडेसहा कोटी वर्षं जुनी, दगड झालेली. आणि मी दोन वर्षं तिच्याशेजारी डबा खातोय!

गंमत सोडा. पिसदुऱ्याच्या असल्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि २००५ मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. डायनासोर गेल्यावर गवत आलं, हा तोवरचा समज त्याने मोडला.

माझं म्हणणं एवढंच, की चिनी दगडाची किंमत त्याच्या रूपात असते, तो कुठेही ठेवा. जीवाश्माची अर्धी किंमत जागेत असते. डेस्कवर तो म्हणजे टाइमस्टँप उडालेली लॉगची ओळ. वखराने थर विस्कटतो हे मान्य, पण निदान वावर तरी कळतं ना? आणि मी एकच उचलला, असं प्रत्येकजण म्हणणार. हुइझोंग सम्राटाने तर बागेतल्या दगडांसाठी वाटेतले पूल पाडले होते. १९२० नव्हे बरं का, ११२० मध्ये लोकांनी बंड केलं, त्यामागे हेही एक कारण होतं. सिरोंच्याजवळ वडधमला दगड झालेले ओंडके जागेवरच बघता येतात, ते मला पटतं.

दिवाळीत परत नेऊन ठेवतो, असं मामाला फोनवर सांगितलं.

"कोन्त्या वावरातला व्हता, आठवते का तुले?"

नाही आठवत.